व्हिएगस, डॉ. अकासियो गॅब्रिएल

व्हिएगस, डॉ. अकासियो गॅब्रिएल (१ एप्रिल १८५६–१९३३). मुंबईतील डॉक्टर, महानगरपालिकेचे सभासद व पुढे अध्यक्ष. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला ताप साधा नसून ग्रंथिक प्लेग आहे, हे त्यांनी प्रथम ओळखले आणि पालिकेच्या बैठकीत उघडपणे सांगितले. ‘पर्यावरणवादी’ हा शब्द त्यांच्या काळी कुणाच्या तोंडी नव्हता. रोगी बघायला गेलेल्या माणसाने आधी मोरी, मग हाउसगल्ली आणि शेवटी धान्याची वखार बघून यावी, एवढाच त्याचा तेव्हा अर्थ झाला असता आणि त्या अर्थाने तो त्यांना लागू पडतो.

जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे येथे. शिक्षणासाठी मुंबईत येऊन त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये एल.एम. अँड एस. ही पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली. दवाखाना थाटला तो मांडवी भागात. नाव वाचून बडोदेकर वाचक चमकेल. त्याची मांडवी म्हणजे चार दरवाजांच्या बरोबर मधोमध उभा असलेला, चारही बाजूंना तीन-तीन कमानींचा मोगलाई मंडप. मुंबईची मांडवी बंदराच्या अंगाची. जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. माल उतरतो, जकात भरतो आणि वखारीत जाऊन पडतो, अशी ती जागा. खाली धान्याच्या गोण्या, वर एकेका खोलीत दाटीने राहणारी बिऱ्हाडे आणि दोन इमारतींच्या मधे हातभर रुंदीची गटारवजा गल्ली, तीच हाउसगल्ली. डॉक्टरला रोग्यांचा तोटा नव्हता.

१८८८ साली व्हिएगस पहिल्यांदा पालिकेवर गेले. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण मुंबई महानगरपालिकेचा कायदा त्याच वर्षीचा. त्यानुसार सभासद ७२. पैकी ३६ वॉर्डांतील करदात्यांनी निवडलेले आणि उरलेले जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठाचे फेलो, चेंबर ऑफ कॉमर्स व सरकार यांच्याकडून आलेले. मत कर भरणाऱ्याला. म्हणजे चाळीच्या मालकाला मत होते, चाळीत राहणाऱ्या बहुतेकांना नव्हते. चाळी राहण्यालायक नाहीत असे म्हणणाऱ्या सभासदाला ते चाळमालकांच्याच प्रतिनिधींना पटवावे लागे. त्या काळच्या ‘आरोग्य’विषयक वादांत ही गोम नेहमी आडवी येते.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीच्या वखारींत उंदीर पडू लागले. उंदीर पडणे हा शब्दप्रयोग पुढे सगळ्या महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला आणि तो ऐकला की गाव खाली करायचे हेही. पाठोपाठ माणसे. थंडी वाजून ताप चढे, डोळे तांबारत, जीभ अडखळे. काखेत किंवा जांघेत गाठ येई, तिला बोट लावू देत नसत. अशा रोग्यांवरून व्हिएगस यांनी निदान केले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी स्थायी समितीपुढे ते सांगून टाकले.

त्याने खळबळ उडाली. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारणे म्हणजे मुंबई बंदरावर जगभरातून क्वारंटाइन ओढवून घेणे. कापूस, धान्य, गिरण्या, हजची जहाजे, सगळेच त्या एका शब्दाला बांधलेले. सुरुवातीला अधिकाऱ्यांच्या भाषेत तो गाठीचा तापच राहिला. नंतर तज्ज्ञांच्या तपासण्यांनी व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरवले. ऑक्टोबरात मुंबईत आलेल्या जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातच प्रयोगशाळा मांडली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगवरची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस त्या लसीचे हिरिरीने पुरस्कर्ते झाले. सुमारे १८,००० लोकांना त्यांनी स्वतः लस टोचल्याचे सांगितले जाते.

येथे व्हिएगस यांच्या बाजूने आणि विरुद्धही एक गोष्ट सांगायला हवी. वस्त्या साफ करा, उंदीर मारा, हा त्यांचा धोशा. त्यातला दुसरा भाग अचूक होता, पण का अचूक आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षे गेली. १८९६ मध्ये वैद्यकाचा भर ‘घाणीतून रोग’ या जुन्या समजावर होता. तानसा तलावाचे पाणी १८९२ मध्ये शहरात आले. आलेले पाणी वाहून न्यायला पुरेशी गटारे मात्र झाली नव्हती, म्हणून मुरलेल्या पाण्याने जमीनच रोगट झाली, असाही एक सिद्धांत होता. पालिकेने समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक गटारांतून सोडले. त्याने गटारे धुतली गेली, पण उंदीर तिथून हुसकले जाऊन घराघरांत शिरले असावेत, असे पुढच्या अभ्यासकांना वाटते.

पालिका आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी सक्तीच्या विलगीकरणाचा हुकूम काढला आणि लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. निम्म्याच्या आसपास मुंबई गावोगाव पळाली आणि जाताना साथही घेऊन गेली. याच साथीत मार्च १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या आणि जूनमध्ये तिथले प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत मात्र घरांच्या भिंतींवर तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात होती, ‘यू.एच.एच.’, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य. ज्याच्या भिंतीवर ती उमटली त्याने जायचे कुठे, हे तिथे लिहिलेले नसे.

उत्तर म्हणून १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. नागपाडा, मांडवी-कोळीवाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड अशा योजना आखल्या गेल्या. रस्ते रुंद झाले, समुद्राची हवा आत आली. उठवलेली बिऱ्हाडे बहुतेक शेजारच्या चाळींत कोंबली गेली, हा ट्रस्टवरचा जुना आणि रास्त आक्षेप.

त्याच पालिकेत व्हिएगस यांचे एक समव्यवसायी होते, सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर. ते बडोदा संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करून मुंबईत आले होते. १९०० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात आरोग्य हा दरबाराच्या हुकमाचा विषय असे. बडोद्याच्या पाण्यासाठी आजव्याचे तळे बांधायचे ठरले, बांधले गेले आणि नळ शहरात आले. मुंबईत तेवढ्यासाठी ७२ जणांशी भांडावे लागे. दोन्ही पद्धती आतून पाहिलेला असा डॉक्टर पालिकेत बसत होता, ही गोष्ट बडोद्याच्या इतिहासातही नोंदण्यासारखी.

बडोद्याशी आणखी एक धागा शिक्षणाचा. व्हिएगस यांनी पालिकेत मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. त्याचा नमुना शेजारी होताच: सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. मुंबई शहराला त्यासाठी १९२० च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

१९०६ मध्ये व्हिएगस पालिकेचे अध्यक्ष झाले. तेव्हा पदाचे नाव महापौर नव्हते, ते १९३१ पासूनचे. या पदावर बसणारे ते पहिले देशी ख्रिस्ती. विद्यापीठाच्या सिनेटमध्येही ते होते आणि तिथे पोर्तुगीज भाषेला अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून झगडले.

धोबी तलावाला मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे आणि काळबादेवीत कॅव्हेल भागातला रस्ता त्यांच्या नावाचा. बोलताना लोक ‘विगास स्ट्रीट’ म्हणतात. भाटवडेकरांच्या नावाचा सर भालचंद्र रोड दादरच्या हिंदू कॉलनीत. ती वसाहत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखलेल्या योजनेतली. प्लेगनंतर मधल्या मुंबईतली दाटी फोडण्यासाठी तिथल्या मोकळ्या जमिनी घेण्यात आल्या होत्या.