अंतिम न्याय (ख्रिस्ती धर्म)

जगाच्या अखेरीस येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मृत उठतील आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय होईल, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. चौथ्या शतकात सिद्ध झालेल्या नायसीन श्रद्धाघोषात तिचा समावेश असून कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ ती मानतात.

पूर्वपीठिका : या श्रद्धेची मुळे ज्यू धर्मग्रंथांत आहेत. इ. स. पू. आठव्या शतकात संदेष्टा आमोस याने ‘परमेश्वराच्या दिवसा’ची वाट पाहणाऱ्या स्वजनांनाच इशारा दिला, की गरिबांना तुडवणाऱ्यांसाठी तो दिवस अंधाराचा ठरेल. दानीएलच्या ग्रंथात (इ. स. पू. सुमारे १६५) मृतांच्या पुनरुत्थानाची कल्पना स्पष्ट होते.

नवा करार : थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (इ. स. सुमारे ५०) प्रेषित पौल ख्रिस्ताचे आगमन अगदी जवळ आल्याचे मानतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो, तसा राजा माणसांची निवड करतो. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी व बंदिवान यांच्याशी माणूस कसा वागला, हाच तेथे निकष. त्यांची सेवा ती आपलीच सेवा, असे राजा सांगतो. न्यायाच्या भयापेक्षा दुर्बलांविषयीचे उत्तरदायित्व हा या शिकवणीचा गाभा होय. प्रकटीकरण या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य व न्यायासनापुढे उघडलेली पुस्तके येतात. पुढच्या अध्यायात नवे आकाश व नवी पृथ्वी.

मतभेद : हजार वर्षांचे राज्य पृथ्वीवर प्रत्यक्ष अवतरेल, असे इरिनेअससारखे आरंभीचे धर्मपंडित मानत. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) त्याचा अर्थ चर्चचा चालू काळ असा लावला. मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो, ही कॅथलिक शिकवण पोप बारावा बेनेडिक्ट याने १३३६ मध्ये निश्चित केली. शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गप्रवेशापूर्वी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचे साहाय्य मिळते, असेही कॅथलिक मानतात. २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनी वसईतील कॅथलिक कुटुंबे कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्यामागे हीच श्रद्धा आहे. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थान नाकारले व तारण केवळ श्रद्धेने मिळते, सत्कृत्ये हे तिचे फळ, असे प्रतिपादिले.

कालगणना व आधुनिक विचार : अमेरिकेतील विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही आगमनाची तारीख धरली होती. ती फोल ठरली. मात्र त्या चळवळीतूनच पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभे राहिले. तो दिवस पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे मार्कच्या शुभवर्तमानातील येशूचे वचन अशा गणितांना मुळातच छेद देते. जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान याने आशेच्या ईश्वरविद्येवरील आपल्या ग्रंथात (१९६४) युगान्त हे धर्मविचाराचे शेवटचे प्रकरण नसून त्याचा आरंभबिंदू आहे, अशी मांडणी केली. येणाऱ्या न्यायावर ज्याची श्रद्धा आहे, त्याला आजच्या अन्यायाशी जुळवून घेता येत नाही, हे त्याचे सार.