स्नेहसंमेलनापासून स्टँडअपपर्यंत : नागपूरच्या महाविद्यालयीन सभागृहातील विनोद

प्रास्ताविक

एका व्यक्तीने नेपथ्य व वेषभूषेविना ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून श्रोत्यांना हसवावे, या प्रकारास आज 'स्टँडअप कॉमेडी' म्हटले जाते आणि तो अलीकडे पश्चिमेकडून आला असे सर्वसाधारणपणे समजले जाते. नावापुरते ते खरे आहे. अमेरिकेतील व्हॉडव्हिल आणि इंग्लंडमधील म्युझिक हॉल यांच्यात या प्रकाराची मुळे आहेत. विद्यार्थी आणि विनोद यांचे तेथील नातेही जुने आहे. केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थ्यांची 'फुटलाइट्स' ही विनोदी नाट्यसंस्था १८८३ मध्ये स्थापन झाली. योगायोग असा की, नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालयही त्याच वर्षीचे. परंतु महाविद्यालयीन तरुणांसमोर एकट्याने उभे राहून हसविणे ही गोष्ट महाराष्ट्राला स्टँडअप हा शब्द येण्यापूर्वीच परिचित होती. तिचा मागोवा घेताना केवळ कोणी हसविले याची नोंद पुरेशी ठरत नाही. सभागृहात हशा कोणाच्या खर्चाने पिकत होता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

छापील विनोद आणि रस्त्यावरचा विनोद

आधुनिक मराठी विनोदाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ मध्ये नागपूर येथे झाला. वकिली त्यांनी वऱ्हाडात केली. १९१० मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या 'सुदाम्याचे पोहे' या लेखसंग्रहात त्यांनी सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या पात्रांच्या द्वारे रूढींची खिल्ली उडविली. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी अखेरचा श्वास घेतला तो नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे, २३ जानेवारी १९१९ रोजी. मात्र कोल्हटकरांचा विनोद मुख्यतः वाचण्यासाठी होता. त्यातील कोटिक्रम आणि लांबलचक वाक्यरचना डोळ्यांनी सावकाश चाखण्याची. ती मुखाने म्हटली तर अर्धी वाया जाते.

बोलका विनोद नागपुरात होता तो रस्त्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत व बडग्यांची मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून चालत आली आहे. काळी व पिवळी मारबत यांच्याबरोबर निघणारे बडगे महागाई, भ्रष्टाचार, पुढारी यांपैकी कोणालाही सोडत नाहीत. विदर्भातील खडी गंमत आणि झाडीपट्टीतील दंडार यांतही समोरच्या श्रोत्यांवर ऐनवेळी टोला हाणणारे पात्र असते. हजरजबाबीपणा हे त्याचे भांडवल. आजचा स्टँडअप कलावंत पहिल्या रांगेतील श्रोत्याचे नाव व गाव विचारून जे करतो, ते या मंडळींनी पिढ्यान्पिढ्या केले आहे. तथापि महाविद्यालयाच्या दारातून या लोकविनोदाला फार काळ प्रवेश नव्हता. तेथे आला तो शिष्ट विनोद, आणि तोही बहुधा प्राध्यापकांच्या मुखातून.

प्राध्यापकांचा विनोद

साठच्या दशकात शंकर पाटील, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी नेले. मिरासदार स्वतः महाविद्यालयात मराठी शिकवीत. पु. ल. देशपांडे यांनीही बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात व मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात अध्यापन केले होते. १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ'च्या एकपात्री प्रयोगाने त्यांनी एकट्या माणसाला तिकीट लावून सभागृह भरता येते हे सिद्ध केले. लक्ष्मण देशपांडे हे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ते पन्नासहून अधिक पात्रे उभी करीत आणि तीन तास श्रोत्यांना खिळवून ठेवीत. १९७९ मध्ये सुरू झालेला हा प्रयोग २००९ मधील त्यांच्या निधनापर्यंत त्यांच्या नावाशी जोडलेला राहिला. (यातील 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाची वरात, प्रदेशवाचक वऱ्हाडाशी त्याचा संबंध नाही, हे विदर्भातील श्रोत्यांना वेगळे सांगावे लागत नसे. इतरत्र ते सांगावे लागत असल्यास नवल नाही.)

विनोदकार प्राध्यापक असणे हा केवळ योगायोग नव्हे. तासाला मागच्या बाकावरील विद्यार्थ्यांचे लक्ष टिकवून ठेवणे ही एकपात्री कलेची उत्तम तालीमच होय. पण या नात्याची दुसरी बाजूही होती. शिक्षक विद्यार्थ्यांना हसवीत असला तरी सभागृहातील उतरंड कायम राही. विनोद संहिताबद्ध असे आणि त्यातील बोचरेपणा सौम्य केलेला असे. राम नगरकर यांच्या 'रामनगरी'ने या चौकटीबाहेर पाऊल टाकले. आपल्या नाभिक कुटुंबातील जगणे त्यांनी स्वतःच्याच तोंडून हसत हसत मांडले. जातीवरून केली जाणारी थट्टा ज्याच्यावर होत असे, त्यानेच ती हाती घेतली. मराठी एकपात्री विनोदाच्या इतिहासात हे वळण पु. लं.च्या लोकप्रियतेमुळे काहीसे झाकोळले गेले. त्याचे मोल मात्र कमी नाही.

बोलीचा प्रश्न

नागपूरच्या संदर्भात हाच प्रश्न बोलीच्या रूपाने पुढे येतो. मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांच्या स्वभावांची तुलना करणारा पु. लं.चा लेख सर्वपरिचित आहे. त्यात चिमटा तिन्ही शहरांना असला तरी तो घेणारे नागपूरचे नव्हते. पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर 'काय करून राहिला बे' एवढे वाक्य उच्चारले की हशा येतो. वाक्यात विनोद नसतानाही येतो. नागपुरात हे वाक्य म्हणजे साधी चौकशी आहे. श्रोता जेथे राहतो तेथे त्याची बोली विनोदाचा विषय होऊ शकत नाही. तिला विनोदाचे माध्यमच व्हावे लागते.

यवतमाळचे कवी शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्री प्रयोगाद्वारे नेमके हेच साधले. त्यांचा गुलब्या अडाणी दिसतो, पण हसू येते ते त्याच्यावर नव्हे, तर त्याच्या नजरेतून दिसणाऱ्या शहाण्या जगावर. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या 'मिर्झा एक्स्प्रेस'नेही वऱ्हाडी विनोदाला खेड्यापाड्यांतील व्यासपीठ मिळवून दिले. एका मुस्लिम कवीने वऱ्हाडीत शेतकऱ्याचे दुःख व विसंगती हसत सांगाव्यात, यात विदर्भाच्या मिश्र संस्कृतीची खूण दिसते. पुढे २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमातून भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घरोघरी पोहोचली. त्या यशातही बोलीचे हसू आणि बोलीवरचे हसू यांची सरमिसळ आहेच.

याखेरीज नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची व नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदी येथे परकी नाही. परिणामी येथील महाविद्यालयीन श्रोता दोन्ही भाषांत हसतो. २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकणारे सुनील पाल वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचे. त्यांनी विनोदासाठी हिंदी निवडली. मराठीतून स्टँडअप सादर करण्याला 'भारतीय डिजिटल पार्टी'सारख्या मंडळींनी २०१६ नंतर बळ दिले. पण नागपूरच्या तरुणाला आजही स्पर्धा मोठी हवी असेल तर हिंदी आणि गाव आपले हवे असेल तर वऱ्हाडी, अशी निवड करावी लागते. प्रमाण मराठी या व्यवहारात बहुधा सर्वांत मागे राहते.

शेलापागोटे

विद्यार्थी केवळ श्रोते नव्हते. वार्षिक स्नेहसंमेलनातील शेलापागोटे, म्हणजेच फिशपाँड, हा महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा स्वतःचा विनोदप्रकार होय. निनावी चिठ्ठीत एखाद्याला उद्देशून गाण्याची ओळ वा खोचक वाक्य लिहायचे आणि ते भर सभागृहात वाचले जायचे. एरवी ज्यांच्यापुढे मान वर करता येत नसे, त्या प्राध्यापकांनाही वर्षातून एकदा ते ऐकून घ्यावे लागे. एवढ्यापुरता हा प्रकार उतरंड उलटविणारा होता. परंतु निनावीपणाचा दुसरा उपयोगही झाला. मुलींचा रंग, बांधा, कोणाशी बोलणे, यांवरील चिठ्ठ्यांना सभागृह हसले की ती मुलगी त्या हशाला उत्तर देऊ शकत नसे. नावाचा पुकारा होत असताना उठून निघून जाण्यालाही धैर्य लागते. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायद्याने थट्टा व छळ यांतील सीमारेषेकडे संस्थांचे लक्ष वेधले. शेलापागोट्यांचा मात्र कोणी गांभीर्याने अभ्यास केलेला दिसत नाही. हे साहित्य चिठ्ठ्यांवर होते आणि कार्यक्रम संपताच केरात गेले.

स्टँडअपने या निनावीपणाची अट बदलली. येथे बोलणाऱ्याला नाव आहे, चेहरा आहे आणि विनोद फसला तर समोरची शांतता त्याला एकट्याने सोसावी लागते. हे या प्रकाराचे नैतिक बलस्थान मानावयास हवे. श्रोत्यावर टोला हाणणाऱ्या कलावंताच्या हाती मात्र ध्वनिक्षेपक असतो आणि श्रोत्याच्या हाती नसतो. शेलापागोट्यातील जुना दोष येथे नव्या रूपाने शिल्लक आहे.

नियम आणि हशा

विद्यापीठीय स्पर्धांत स्टँडअपच्या सर्वांत जवळ येतात मिमिक्री व स्किट हे प्रकार. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवाच्या नियमांनुसार स्किटमध्ये अश्लीलता व कटू टोमणे टाळावेत, निरागस उपरोध व विनोद अपेक्षित आहे. हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याला उद्देशून केला त्याला काहीच न लागणारा उपरोध हा उपरोध राहत नाही. मारबतीच्या बडग्यावर हा नियम लावला तर मिरवणूक निघणारच नाही.

नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा १८७६ चा ब्रिटिशकालीन कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी सादर करण्याची पद्धत आहे. लिखित संहितेवर आधारलेल्या एकपात्री नाटकाला अशी पद्धत लागू करता येते. समोरच्या श्रोत्याच्या उत्तरातून त्या क्षणी जन्मणाऱ्या विनोदाची संहिता आधी कोणाकडे द्यायची? त्यामुळे स्टँडअपवरील दबाव परीक्षणातून न येता नंतर येतो; गुन्हा नोंदवून किंवा जमावाकडून. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमावरून मुंबईतील हॅबिटॅट या जागेची तोडफोड झाली. तेथे जागेचा चालक एकटा पडला. अमेरिकेत क्रिस रॉक यांनी २०१४ मध्ये आणि जेरी साइनफेल्ड यांनी २०१५ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी फार लवकर दुखावतात अशी तक्रार केली होती. भारतातील चित्र निराळे आहे. येथे सभागृहातील विद्यार्थी हसलेले असतात. दुखावतात ते बहुधा सभागृहात नसलेले लोक, चित्रफितीचा एखादा तुकडा पाहून. अशा वेळी कार्यक्रमाच्या परवानगीवर ज्यांची स्वाक्षरी असते, ते प्राचार्य व सांस्कृतिक विभागाचे समन्वयक प्राध्यापक यांना कलावंताचे, विद्यार्थ्यांचे आणि बाहेरच्या जमावाचे उत्तर एकाच वेळी द्यावे लागते.