बडोदे संस्थानातील ग्रंथालये आणि मुलांचे वाचन

मुलास शाळेत घातले की आपले कर्तव्य संपले, अशी आपल्या ज्ञातीतील पुष्कळ पालकांची समजूत दिसते. ही समजूत किती अपुरी आहे, हे बडोदे संस्थानास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवाने कळून आले. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात केला व १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. मुले लिहूवाचू लागली खरी. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक येईना, आणि एकदा नांगर वा तराजू हाती आला की शिकलेली अक्षरे पुसली जात. सरकारने केलेला खर्च असा वाया जाण्याची वेळ आली.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. महाराजांच्या खाजगी संग्रहाची भर पडून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि त्यात मुलांसाठी निराळा विभाग निघाला. तेथे चित्रांची पुस्तके होती, तसे खेळही होते. (ग्रंथालयात खेळ कशाला, असे विचारणारी वडील मंडळी आमच्याही घरांत आहेत!) आमच्या मते यातच खरे मर्म आहे. मूल आपण होऊन निवडलेले पुस्तक पुनःपुन्हा वाचते. त्यातील वाक्ये त्याच्या कानांत बसतात, आणि पुढे पत्र वा निबंध लिहिताना तीच त्याच्या लेखणीतून उतरतात. नेमलेल्या धड्याने हे क्वचितच साधते.

खेड्यांसाठी फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या निघाल्या. ज्या गावाने वर्गणी जमविली, त्यास स्थानिक मंडळ व सरकार यांजकडून मदत मिळे. श्री. मोतीभाई अमीन यांनी या कार्यास वाहून घेतले होते. पुस्तकांचा तुटवडा पडू नये म्हणून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी काढून दिला. त्यातून सयाजी साहित्यमाला व मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला प्रसिद्ध झाल्या. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र टिकून राहिले.

आपल्या मंडळाच्या कार्यालयातही पुस्तकांचे एक कपाट आहे. त्यास बहुधा कुलूप असते. ते दर रविवारी दोन तास मुलांसाठी उघडे ठेवावे आणि किल्ली एखाद्या हौशी भगिनीकडे द्यावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडीत आहो.