एडिंबरा : प्रेक्षणीय स्थळे, रात्रजीवन आणि वार्षिक उत्सव

एडिंबरा ही स्कॉटलंडची राजधानी फोर्थ नदीच्या रुंद मुखाखाडीच्या दक्षिणेस, थंड झालेल्या ज्वालामुखींच्या अवशेषांवर आणि त्यांच्या भोवतालच्या उतारांवर वसलेली आहे. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला कठीण खडक हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या लोटाला पुरून उरला. त्याच्या आडोशाला असलेला पूर्वेकडचा मऊ खडकही त्यामुळे वाचला आणि एका बाजूला तुटलेला कडा, दुसऱ्या बाजूला हळूहळू उतरत जाणारी सोंड अशी रचना तयार झाली. कड्यावर किल्ला, सोंडेच्या कण्यावर जुन्या नगराचा राजरस्ता आणि उत्तरेकडील दरीपलीकडे अठराव्या शतकात आखलेले नवे नगर असा या शहराचा ढाचा असून, जुने व नवे नगर मिळून १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. येथील प्रेक्षणीय स्थळे, रात्रीची करमणूक आणि उत्सव ही तिन्ही अंगे या उंच-सखल भूमीने घडवलेली आहेत, आणि शहर समजून घ्यायचे तर ती एकत्रच पाहावी लागतात.

किल्ल्यातील सर्वांत जुनी वास्तू म्हणजे बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलेले संत मार्गारेटचे चिमुकले प्रार्थनामंदिर. त्याच्या जवळच ‘मॉन्स मेग’ ही १४४९ साली घडवलेली, सुमारे सहा टन वजनाची अजस्र तोफ ठेवलेली आहे. स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि खड्ग ही राजचिन्हे १७०७ मध्ये इंग्लंडशी झालेल्या एकीकरणानंतर किल्ल्यातच एका पेटीत कुलूपबंद झाली व विस्मृतीत गेली. ती १८१८ साली कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने पुन्हा उजेडात आली आणि आज ती येथे पाहता येतात. राज्याभिषेकाची शिळा मात्र आता येथे नाही. १२९६ साली इंग्लंडच्या राजाने पळवून नेलेली ही शिळा १९९६ मध्ये किल्ल्यात परत आली होती, ती मार्च २०२४ पासून स्कॉटलंडमधीलच पर्थच्या संग्रहालयात आहे.

रविवार व एकदोन सणांचे दिवस वगळता रोज दुपारी ठीक एक वाजता किल्ल्यावरून तोफ डागली जाते आणि ती पाहण्यासाठी तटावर गर्दी होते. लीथ बंदरातील जहाजांना आपली घड्याळे अचूक लावता यावीत, म्हणून आधी काल्टन टेकडीवरील नेल्सन स्मारकाच्या शिखरावर एक मोठा गोळा ठरल्या क्षणी खाली सोडण्याची सोय करण्यात आली होती. परंतु ‘हार’ नावाने ओळखले जाणारे समुद्रावरचे दाट धुके पसरले की गोळा दिसत नसे, म्हणून १८६१ पासून आवाजाची जोड देण्यात आली. तोफेचा आवाज बंदरापर्यंत पोचायला सुमारे दहा सेकंद लागतात हे ध्यानात घेऊन, कोणत्या भागात किती सेकंद वजा करायचे ते दाखवणारा नकाशाही त्या काळी छापला गेला होता.

किल्ल्यासमोरच्या पटांगणावर ७८व्या हायलँडर्स पलटणीचे क्रुसाच्या आकाराचे स्मारक आहे. ते १८५७-५८ च्या उठावात पडलेल्या सैनिकांचे असले, तरी त्यावर कोरलेल्या हत्तीचा संबंध महाराष्ट्राशी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांविरुद्ध ही पलटण ब्रिटिश सेनापती वेलस्ली याच्या सैन्यात लढली होती आणि त्या लढाईची खूण म्हणून तिला हत्तीचे चिन्ह मिळाले होते. मराठी अभ्यागताने या स्मारकापाशी अवश्य थांबावे.

किल्ल्यापासून पूर्वेकडे हॉलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता ‘रॉयल माइल’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांप्रमाणे अरुंद बोळ फुटलेले असून, त्यांना येथे ‘क्लोज’ व ‘वाइंड’ अशी नावे आहेत. तटबंदीच्या आत जागा उरली नाही तेव्हा शहर वर चढत गेले. सतराव्या शतकातच येथे सात-आठ मजल्यांची, उताराच्या बाजूने त्याहूनही उंच दिसणारी घरे उभी होती आणि एकाच जिन्यावर कारागीर, वकील व उमराव राहत असत. १७५३ मध्ये व्यापारी संकुल उभारण्याचे काम सुरू झाले, तेव्हा मेरी किंग क्लोज या बोळातील घरांचे वरचे मजले पाडून खालचे मजले नव्या इमारतीचा पाया म्हणून वापरण्यात आले. आज नगरपालिकेच्या त्या इमारतीखाली गाडली गेलेली ही गल्ली, तिच्या उंबरठ्यांसह आणि उतरत्या फरशीसह, २००३ पासून मार्गदर्शकासोबत पाहता येते. जवळच मुकुटाच्या आकाराचा कळस असलेले सेंट जाइल्सचे चर्च असून धर्मसुधारक जॉन नॉक्स यांनी येथूनच प्रवचने दिली. चर्चबाहेरच्या फरसबंदीत हृदयाच्या आकाराची दगडी नक्षी जुन्या तुरुंगाची जागा दाखवते आणि तिच्यावर थुंकण्याची प्रथा स्थानिक लोक अजून पाळतात.

जुने नगर आज उभे आहे याचे मोठे श्रेय पॅट्रिक गेडीस या जीवशास्त्रज्ञाला व नगररचनाकाराला द्यावे लागते, आणि हे नाव मुंबईलाही परके नाही. सधन वर्ग नव्या नगरात निघून गेल्यावर येथील घरे दाटीची व रोगट झाली होती. गेडीस यांनी १८८०च्या दशकात स्वतः पत्नीसह या वस्तीत घर केले आणि सगळे पाडून टाकण्याऐवजी अत्यंत मोडकळीस आलेला तेवढाच भाग काढायचा, अंगणे मोकळी करायची, उरलेले दुरुस्त करायचे ही पद्धत अवलंबिली. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावरील ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे भिंग व आरसा यांच्या साहाय्याने बाहेरचे हलते दृश्य अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर उमटवणारे साधन, आजही पर्यटकांचे आवडते आहे. गेडीस यांना त्यातून लोकांना आपले शहर एकसंध पाहायला शिकवायचे होते. पुढे भारतात येऊन त्यांनी अनेक नगरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापकपद स्वीकारले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्यांचे तेथील विद्यार्थी होत. प्लेगने गांजलेल्या इंदूरमध्ये, होळकर दरबारासाठी काम करताना, त्यांनी दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाऐवजी ज्या वस्त्या सर्वांत स्वच्छ ठरतील त्यांच्यातून नेण्याचे जाहीर केले आणि लोकांनी हौसेने रस्ते झाडून काढले. उत्सवातून शहर सुधारता येते, हा विचार एडिंबराच्या बोळांत तयार होऊन माळव्यात प्रत्यक्षात आलेला पाहणे उद्बोधक आहे.

राजरस्त्याच्या पायथ्याशी, ११२८ साली स्थापन झालेल्या मठाच्या भग्नावशेषांना लागून हॉलिरूड राजवाडा आहे. तेथील स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या दालनात ९ मार्च १५६६ रोजी तिचा चिटणीस रिझिओ याचा तिच्या डोळ्यांदेखत खून झाला. समोरच एन्रिक मिरालेस यांच्या आराखड्यानुसार बांधलेले, २००४ मध्ये खुले झालेले स्कॉटलंडचे संसदभवन आहे. मागे २५१ मीटर उंचीचा ‘आर्थर्स सीट’ हा डोंगर असून, त्याच्या सॅलिसबरी कड्यावर वितळलेला खडक गाळाच्या थरांत घुसून त्यांना वाकवून गेल्याचे स्पष्ट दिसते. जेम्स हटन यांनी असे पुरावे जोडून पृथ्वी अतिप्राचीन असल्याचा सिद्धान्त १७८५ मध्ये मांडला, त्यामुळे भूविज्ञानाच्या अभ्यासकांना हा कडा तीर्थासमान आहे.

नव्या नगराचा आराखडा जेम्स क्रेग या तरुण वास्तुविदाने १७६७ मध्ये दिला. दरीतील तळे आटवून तेथे पुढे प्रिन्सेस स्ट्रीटची उद्याने झाली आणि पायाखोदाईची माती टाकून ‘द माउंड’ हा बांध उभा राहिला. त्याच्यावर आता राष्ट्रीय चित्रदालन आहे. उद्यानाच्या कडेला वॉल्टर स्कॉट यांचे सुमारे ६१ मीटर उंच दगडी स्मारक असून त्याच्या २८७ पायऱ्या शेवटी इतक्या निमुळत्या होतात की दोन माणसांनी एकमेकांना ओलांडणे कठीण जाते. काल्टन टेकडीवर पार्थेनॉनच्या धर्तीवर सुरू केलेले राष्ट्रीय स्मारक निधीअभावी १८२९ मध्ये बारा खांबांवरच थांबले. चेंबर्स स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालयात डॉली ही प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून जन्मलेली पहिली मेंढी जतन केलेली आहे. लीथ बंदरातील ‘ब्रिटानिया’ ही माजी राजनौका आणि शहराच्या पश्चिमेस १८९०चा फोर्थ रेल्वेपूल ही आणखी दोन ठिकाणे बहुतेक प्रवासी पाहतात.

रात्रजीवनावर अक्षांशाचा ठसा आहे. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो, तर डिसेंबरात तो पावणेचारच्या सुमारासच मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात ‘पब’ हे मद्यगृह केवळ पिण्याचे ठिकाण न राहता गावाची बैठकीची खोली बनते. फॉरेस्ट रोडवरील सँडी बेल्स आणि इन्फर्मरी स्ट्रीटवरील रॉयल ओक येथे लोकसंगीताच्या बैठका होतात. मंच नसतो, तिकीट नसते. एका मेजाभोवती फिडल, बासरी व अॅकॉर्डियन घेऊन बसलेल्यांपैकी कोणी एक धून सुरू करतो आणि ज्याला ती येत असेल तो त्यात सामील होतो. नवख्या श्रोत्याने एवढेच सांभाळावे की वादकांच्या खुर्च्या अडवू नयेत.

नृत्यगृहांची दाटी काउगेट या खोलगट रस्त्यावर आहे. १७८८ मध्ये खुल्या झालेल्या साउथ ब्रिजच्या एकोणीस कमानींपैकी एकच आज उघड दिसते, बाकीच्या इमारतींनी झाकल्या गेल्या आणि त्यांच्या पोटातील कोठड्यांत आधी कारखाने व कोठारे, मग अत्यंत गरीब कुटुंबे राहिली. ओलीमुळे त्याही ओस पडल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कोठड्या पुन्हा उघडल्या गेल्या आणि आज त्यांतील काहींत संगीताचे कार्यक्रम होतात, तर काहींत रात्रीच्या भूतकथा-फेऱ्या नेल्या जातात. या फेऱ्यांत बर्क आणि हेअर यांची कथा हमखास येते : शवविच्छेदनासाठी प्रेतांची टंचाई असल्याने या दोघांनी १८२८ मध्ये सोळा जणांचा बळी घेऊन त्यांची शरीरे शरीरशास्त्राच्या अध्यापकाला विकली. मारले गेलेले बहुतेक निराधार होते आणि त्यांच्या मरणातून १८३२चा शरीररचनाविषयक कायदा घडला, ही बाजू भयकथेइतक्याच ठळकपणे सांगितली जायला हवी. जॉर्ज स्ट्रीटवर जुन्या बँकांच्या दालनांत थाटलेली उंची मद्यालये आणि लीथच्या धक्क्यावरील माशांची उपाहारगृहे हा रात्रीचा दुसरा, अधिक शांत चेहरा होय.

वार्षिक उत्सवांत ऑगस्टचा महिना सर्वांत मोठा. दुसऱ्या महायुद्धाने विदीर्ण झालेल्या युरोपला कलेच्या निमित्ताने एकत्र आणावे, या हेतूने ऑपेरा-व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांच्या कल्पनेतून १९४७ मध्ये एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. बिंग स्वतः नात्झींमुळे परागंदा झालेले होते. त्यांच्यासारखेच देशोधडीला लागलेले संगीतसंचालक ब्रुनो वॉल्टर पहिल्याच वर्षी व्हिएन्नाच्या वाद्यवृंदासह पुन्हा उभे राहिले. कोळशाची टंचाई असल्याने किल्ल्यावर रोषणाईस परवानगी मिळेना, तेव्हा नागरिकांनी आपल्या वाट्याचा कोळसा देऊ केला आणि अखेर काही रात्री किल्ला उजळला.

त्याच वर्षी आमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्था शहरात येऊन थडकल्या व मिळेल त्या सभागृहात त्यांनी प्रयोग केले. मुख्य महोत्सवाच्या काठावरची ही चळवळ पुढे ‘फ्रिंज’ नावाने प्रसिद्ध झाली आणि १९५८ मध्ये तिची संस्था स्थापन झाली. तिचे मूळ तत्त्व असे की येथे निवडसमिती नाही. ज्याला जागा मिळेल व खर्च पेलेल तो प्रयोग करू शकतो. म्हणूनच चर्चची सभागृहे, महाविद्यालयातील वर्ग, पबच्या मागच्या खोल्या आणि पुलाखालच्या त्याच कोठड्या ऑगस्टात रंगमंच होतात. बहुतेक प्रयोग तासाभराचे असतात. एक संपताच काही मिनिटांत नेपथ्य उचलून पुढच्या मंडळींना जागा मोकळी करून द्यावी लागते आणि त्याच कलाकारांना भर रस्त्यात उभे राहून आपल्या प्रयोगाची पत्रके वाटावी लागतात. हल्ली एका हंगामात तीन हजारांहून अधिक प्रयोग-संच सादर होतात. टॉम स्टॉपर्ड यांचे ‘रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ हे नाटक १९६६ मध्ये प्रथम येथेच लोकांसमोर आले. किल्ल्याच्या पटांगणावर १९५० पासून होणारा लष्करी वाद्यसंचलनाचा ‘टॅटू’, १९८३ मध्ये सुरू झालेला ग्रंथमहोत्सव आणि १९९५ पासून दक्षिण आशियाई समाजाने रुजवलेला ‘एडिंबरा मेला’ हीदेखील शहराच्या उत्सवी हंगामाची अंगे होत.

हिवाळ्यात ‘हॉगमनी’ म्हणजे वर्षअखेरीचा सण येतो. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चने नाताळ अमान्य केला, तेथे नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ पर्यंत नव्हती, आणि त्यामुळे सगळा उत्साह नववर्षाकडे वळला. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरठा ओलांडणारा पहिला पाहुणा कोळसा, केक वा व्हिस्की घेऊन यावा, ही जुनी रीत अजून घरोघरी टिकून आहे. १९९३ पासून शहराने रस्त्यावरचा मोठा जल्लोष सुरू केला, पण त्याचे भवितव्य हवेच्या हाती असते : २०२४च्या अखेरीस वादळी हवामानामुळे उघड्यावरचे कार्यक्रम रद्द करावे लागले. २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जयंतीनिमित्त मेंढीचे काळीज-फुप्फुस व ओटचे पीठ यांपासून केलेल्या ‘हॅगिस’ची मेजवानी होते आणि ३० एप्रिलच्या रात्री काल्टन टेकडीवर, १९८८ मध्ये पुनरुज्जीवित केलेला बेल्टेन हा उन्हाळ्याच्या स्वागताचा अग्निउत्सव शेकडो स्वयंसेवक पार पाडतात.

सुमारे पाच लाख वस्तीच्या शहरावर या गर्दीचा भार मोठा आहे. ऑगस्टात खोल्यांची भाडी इतकी चढतात की नवोदित कलाकारांनाच राहणे परवडत नाही, आणि जुन्या नगरातील अनेक घरे अल्पमुदतीच्या भाड्याकडे वळल्याने कायमचे रहिवासी दूर गेले. निवडीविना सर्वांना खुला असलेला महोत्सव पैशाच्या चाळणीतून गाळला जाऊ लागला, तर त्याचे मूळ तत्त्वच धोक्यात येते. नगरपरिषदेने जानेवारी २०२५ मध्ये मुक्कामी पर्यटकांवर निवासखर्चाच्या पाच टक्के कर बसवण्याचा निर्णय घेतला. तो २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना, सलग पहिल्या पाच रात्रींपुरता, लागू करण्याचे ठरले आहे.