सॅन अँड्रियासचं धुकं

आज एका अशा गेमबद्दल बोलायचंय जो वीस वर्षं उलटली तरी लोकांच्या कॉम्प्युटरमधून हलायला तयार नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’. आपल्याकडे एवढं लांब नाव कोण घेतो? नुसतं ‘जीटीए’ म्हटलं की कळतं. वहीच्या मागच्या पानावर चीट कोड उतरवून घेणारी पोरं आता स्वतः आईबाबा झालीत, पण ‘हेसोयाम’ काही विसरली नाहीत.

हा गेम एवढा का टिकला, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: मोकळीक, गाणी, लहानपणीच्या आठवणी. सगळी बरोबर. पण माझ्या यादीत सगळ्यात वर एक वेगळीच गोष्ट आहे. धुकं!

आधी थोडा इतिहास. ऑक्टोबर 2004 मध्ये हा गेम प्लेस्टेशन 2 वर आला आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर. बनवला स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या रॉकस्टार नॉर्थने, पण गोष्ट अमेरिकेची, 1992 सालची. आई गेल्याचं कळल्यावर सीजे पाच वर्षांनी घरी परततो आणि उतरल्या उतरल्या भ्रष्ट पोलिसांच्या तावडीत सापडतो. त्या पोलिसांच्या पथकाचं नाव ‘क्रॅश’. हे नाव हवेतून आलेलं नाही. लॉस एंजेलिस पोलिसांचं याच नावाचं टोळीविरोधी पथक खरंच होतं आणि पुढे ते घोटाळ्यांमुळे बदनाम झालं. गेमच्या शेवटी एक पोलिस अधिकारी निर्दोष सुटतो आणि शहर पेटतं. तेही एप्रिल 1992 मधलंच. रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलिस सुटले आणि लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली, साठाहून जास्त माणसं गेली. म्हणजे गंमत म्हणून गाड्या पळवता पळवता आपण एका खऱ्या शहराच्या जखमेवरून फिरत होतो. तेव्हा आपल्याला याचा पत्ताच नव्हता.

आता धुक्याकडे येतो. प्लेस्टेशन 2 ची मुख्य मेमरी होती 32 एमबी. आजच्या मोबाइलवर काढलेले आठ-दहा फोटो टाकले की संपली. एवढ्याशा जागेत तीन शहरं, वाळवंट, जंगल आणि डोंगर बसवायचे होते. सगळं एकदम बसणं शक्यच नव्हतं. मग गेम काय करायचा? तुम्ही पुढे जाल तसा पुढचा रस्ता डीव्हीडीवरून वाचून घ्यायचा आणि मागचा सोडून द्यायचा. लांबचं अजून वाचलेलंच नाही, तर दाखवणार काय? म्हणून त्याच्यावर धुकं पसरायचं. लॉस सँटोसमध्ये ते नारिंगी, धुरकट. जंगलात करडं, ओलसर. अडचण झाकायला ओढलेला पडदा, पण वाटायचं की हवाच अशी आहे!

आणि पडद्यामागे होतं किती? सगळा नकाशा, समुद्र धरून, साधारण सहा किलोमीटर बाय सहा किलोमीटर. दादरहून निघालात तर कुर्ल्याच्या आसपास राज्य संपलं. पण खेळताना कधी असं वाटलं? गावाकडचे रस्ते मुद्दाम वळणावळणाचे, मध्ये डोंगर, मध्ये नदी, आणि पलीकडचं काही दिसत नाही. लॉस सँटोसहून सॅन फिएरोला जाणं म्हणजे प्रवासाला निघाल्यासारखं वाटायचं.

दिसत नव्हतं म्हणूनच अफवाही जन्मल्या. जंगलात बिगफूट नावाचा केसाळ राक्षस आहे, असं शपथेवर सांगणारे कितीतरी. कंपनीने नाही म्हणून सांगितलं तरी लोक रात्ररात्र शोधत बसले. जंगलात उतारावरून आपोआप घरंगळत येणाऱ्या रिकाम्या मोडक्या गाड्यांनाही ‘भुताच्या गाड्या’ नाव पडलं. लख्ख उजेडात अशी भुतं निघत नाहीत, मंडळी.

मग आलं 2021. कंपनीने जुने तीन जीटीए नव्याने रंगवून ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ म्हणून बाजारात आणले. आता मेमरीची चणचण नव्हती, म्हणून धुकं काढून टाकलं. विमान वर नेलं की या टोकाचं शहर आणि त्या टोकाचं शहर एकाच नजरेत! लोकांनी ते व्हिडिओ टाकले आणि सगळीकडून एकच सूर आला: अरे, हे एवढंसंच होतं? एका डोनटच्या दुकानावर नट-बोल्टमधला षटकोनी नट होता, नावावरचा विनोद. नव्या आवृत्तीत तो गुळगुळीत गोल झाला, विनोद गेला. आपल्याकडे जुन्या दगडी देवळाला हौसेने ऑइल पेंट फासतात ना, तसंच झालं. भावना चांगली, पण कोरीव काम बुजलं.

मला खरी चिंता वाटते ती पुढच्या गोष्टीची. नवी आवृत्ती येण्याआधी जुने गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले होते. ओरड झाली, कंपनीने माफी मागितली आणि कॉम्प्युटरवरचे जुने गेम स्वतःच्या दुकानात परत ठेवले. त्याआधी 2014 मध्ये परवान्यांची मुदत संपली म्हणून काही गाणी जुन्या गेममधूनही गळली होती. पुस्तकाची नवी आवृत्ती आली म्हणून तुमच्या कपाटातली जुनी कुणी उचलून नेत नाही. गेमच्या बाबतीत मात्र हे होऊ शकतं. आणि मूळ प्रतच नसेल, तर वीस वर्षांनी कुणाला कसं कळणार की लोक या छोट्याशा नकाशात हरवत कसे होते?

नोव्हेंबर 2024 मध्ये एक अपडेट आलं. त्यात ‘क्लासिक लाइटिंग’ नावाचा पर्याय आहे. तो सुरू केला की जुन्या आभाळाचे रंग परततात आणि धुकंही परततं. 32 एमबीच्या नाइलाजाने आलेली गोष्ट वीस वर्षांनी, भरपूर मेमरी असताना, लोकांनी मागून घेतली. सॅन अँड्रियास का टिकला याचं याहून साधं उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हा घरात कुठे जुनी डीव्हीडी पडली असेल, तर रद्दीत टाकू नका. आणि बिगफूट तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तर जरूर कळवा. मी वाद घालणार नाही. भेटू पुढच्या भागात.