एका शब्दाचीं छप्पन्न वर्षें

इ. स. ३२४ मध्यें आपला अखेरचा प्रतिस्पर्धी लिसिनियस याचा पराभव करून कॉन्स्टंटाइन हा सबंध रोमन साम्राज्याचा एकछत्री स्वामी झाला. ख्रिस्ती धर्माला त्यानें राजाश्रय दिला होता, आणि धर्माच्या ऐक्यानें साम्राज्याचें ऐक्य दृढ व्हावें अशी त्याची मनीषा होती. इतक्यांत ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरींतून वार्ता आली कीं, तेथील बिशप अलेक्झांडर आणि त्याच्या हाताखालील धर्मोपदेशक एरियस यांच्यांत ईश्वराच्या स्वरूपावरून तंटा माजला आहे. बादशहानें दोघांस मिळून एकच पत्र लिहिलें आणि स्पेनमधील वयोवृद्ध बिशप होसियस याच्या हातीं तें धाडलें. इतक्या क्षुल्लक प्रश्नावरून विद्वानांनीं भांडावें हें शोभत नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. बादशहाचा अंदाज साफ चुकला.

प्रश्न क्षुल्लक नव्हता. ख्रिस्ती लोकांना यहुदी परंपरेकडून मिळालेला पहिला वारसा म्हणजे कडक एकेश्वरवाद. पण हेच लोक येशू ख्रिस्ताची उपासना करीत, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांच्या नांवानें बाप्तिस्मा देत. मग देव एक कीं तीन? आणि एकच असेल, तर पुत्र हा कोण? उपासना आधीपासून चालत आली होती. तिचा अर्थ शब्दांत सांगण्याची वेळ आतां आली.

एरियसचें उत्तर सरळ होतें. जो अजन्मा, तोच ईश्वर. पुत्र जन्मलेला आहे. म्हणून त्याला आरंभ आहे, आणि ज्याला आरंभ आहे तो निर्मित होय. तो सर्व सृष्टीच्या आधींचा आणि सर्वांत श्रेष्ठ असेल, पण निर्मितच. हें मत त्यानें पद्यांतही गुंफलें, आणि खलाशांच्या व गिरणीवाल्यांच्या तोंडीं त्याचीं गाणीं बसलीं असें सांगतात. अलेक्झांडर आणि त्याचा तरुण सहाय्यक अथनेशियस यांचा आक्षेपही तितकाच सरळ होता. पुत्र जर निर्मित असेल, तर त्याची उपासना ही निर्मित वस्तूची उपासना ठरते. आणि जो स्वतःच निर्मित, तो मनुष्याला ईश्वरापर्यंत कसा नेणार? पूजेचा आणि मोक्षाचा आधारच पणाला लागला होता.

पत्रानें काम भागेना, तेव्हां बादशहानें ३२५ मध्यें नायसिया येथें बिशपांची परिषद भरविली. आजच्या तुर्कस्तानांतील इझनिक तें हेंच गांव. परंपरा बिशपांची संख्या ३१८ सांगते. परिषदेस हजर असलेला इतिहासकार युसीबियस २५० हून अधिक म्हणतो. अडचण अशी आली कीं, शास्त्रांतील कोणतेंही वचन पुढें केलें तरी एरियसचे पक्षपाती त्याचा आपल्या मताला जुळेल असा अर्थ लावीत. अखेर शास्त्रांत नसलेला एक ग्रीक शब्द स्वीकारण्यांत आला: ‘होमोऊसिऑस’, म्हणजे पित्याशीं एकसत्त्व असलेला. जवळजवळ सर्वांनीं सह्या केल्या. लिबियाच्या दोघां बिशपांनीं नकार दिला. त्यांस एरियसबरोबर हद्दपार करण्यांत आलें.

वाद येथें संपावयाचा, तो येथूनच खरा पेटला. याचें कारण दुराग्रह एवढेंच नव्हे. शब्दच संदिग्ध होता. तिसऱ्या शतकांत सबेलियस नांवाच्या उपदेशकानें असें मत मांडल्याचें सांगत कीं, पिता, पुत्र व आत्मा हे तीन नव्हेतच. एकाच देवानें प्रसंगानुरूप घेतलेलीं तीन सोंगें होत. ‘एकसत्त्व’ शब्दांत पूर्वेकडील अनेक प्रामाणिक बिशपांना याच मताचा वास आला. भाषाभेदानें गोंधळ वाढविला. लॅटिन पंडित टर्टुलियनच्या काळापासून एक ‘सब्स्टान्शिया’ आणि तीन ‘पर्सोना’ म्हणत. ग्रीक मंडळी तीन ‘हायपोस्टेसिस’ म्हणूं लागली. पण या शब्दाचें अक्षरशः लॅटिन भाषांतर ‘सब्स्टान्शिया’ असेंच होई. त्यामुळें लॅटिन कानांना तीन देव ऐकूं येत, आणि ‘पर्सोना’ शब्दांत ग्रीकांना नटाचा मुखवटा दिसे.

राजसत्तेचें पारडेंही फिरत राहिलें. ज्या कॉन्स्टंटाइननें एरियसला घालविलें, त्यानेंच पुढें त्याला परत बोलाविलें आणि ३३५ मध्यें अथनेशियसला हद्दपार केलें. ३२८ मध्यें अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या या पुरुषानें आपल्या ४५ वर्षांच्या अधिकारकाळांत पांच वेळां हद्दपारी भोगली. ३५८ च्या सुमारास कांहीं बिशपांनीं ‘होमोइऊसिऑस’, म्हणजे ‘सदृशसत्त्व’, असा पर्याय सुचविला. दोन शब्दांत फरक एका ‘आयोटा’ अक्षराचा. एका अक्षरासाठीं जग भांडलें अशी थट्टा पुढें पुष्कळ झाली. पण त्या अक्षराच्या अलीकडे देव एकच असल्याची चिंता होती, आणि पलीकडे तिघे खरोखर तिघे असल्याची.

कोंडी फुटली ती ३६२ मध्यें. नवा बादशहा ज्युलियन यानें हद्दपार बिशपांना परतण्याची मुभा दिली, तेव्हां अथनेशियसनें अलेक्झांड्रियांत एक लहानशी परिषद बोलाविली. तीन ‘हायपोस्टेसिस’ म्हणणारांना विचारण्यांत आलें: तुम्ही तीन वेगळे देव मानतां काय? ते म्हणाले, नाहीं. एक ‘हायपोस्टेसिस’ म्हणणारांना विचारण्यांत आलें: तुम्ही सबेलियसप्रमाणें पुत्र आणि आत्मा हीं केवळ नांवें समजतां काय? तेही म्हणाले, नाहीं. आपले शब्द वेगळे आणि अभिप्राय एक, हें दोन्ही पक्षांना उमगलें. जन्मभर एका शब्दासाठीं झगडलेल्या अथनेशियसनें या प्रसंगीं शब्दापेक्षां अर्थाला मान दिला.

उरलेलें काम आशियामायनरमधील कॅपडोशिया प्रांतांतील तिघांनीं केलें: सिझेरियाचा बेसिल, त्याचा धाकटा भाऊ निसाचा ग्रेगरी, आणि त्यांचा स्नेही नझायन्झसचा ग्रेगरी. ‘ऊसिया’ म्हणजे समान सत्त्व आणि ‘हायपोस्टेसिस’ म्हणजे त्या सत्त्वाचा विशिष्ट धारक, असा भेद त्यांनीं पक्का केला. मग तीन माणसें म्हणजे जशीं तीन, तसे तीन देव कां नव्हेत? निसाच्या ग्रेगरीचें उत्तर असें: माणसें वेगवेगळीं कर्में करतात, ईश्वराचें प्रत्येक कर्म मात्र एकच असतें. तें पित्यापासून निघतें, पुत्राच्या द्वारें चालतें आणि आत्म्यांत पूर्ण होतें. म्हणूनच उत्पत्ति, स्थिति आणि लय अशी कामांची वांटणी असलेली त्रिमूर्तीची कल्पना या सिद्धांताशीं ताडून पाहणें फसवें ठरतें. येथें वांटणी कामाची नाहीं. भेद आहे तो परस्परसंबंधाचा. पिता अजन्मा, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा.

३८१ मध्यें थिओडोसियस बादशहानें कॉन्स्टँटिनोपल येथें बोलाविलेल्या परिषदेंत सुमारें १५० बिशपांनीं नायसियाच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केलें आणि पवित्र आत्माही पिता-पुत्रांबरोबर उपास्य असल्याचें घोषित केलें. समजुतीनें मिळविलेलें हें ऐक्य मात्र कायद्याच्या बळावरच सर्वत्र लादलें गेलें. भिन्नमतवाद्यांचीं मंदिरें हिरावून घेण्यांत आलीं. तरीही एरियसच्या परंपरेंतील पंथ गॉथ लोकांत टिकून राहिला. स्पेनच्या गॉथ राज्यानें तो ५८९ मध्यें सोडला.

मराठी ख्रिस्ती लोक या सिद्धांताला ‘त्रैक्य’ म्हणतात. ‘त्रि’ आणि ‘ऐक्य’ हे दोनच अंश त्यांत आहेत, आणि छप्पन्न वर्षांचा वादही त्या दोहोंपैकीं एकाचाही बळी न देण्याचा होता. बादशहांच्या हुकुमांनीं त्या वादांत अनेकांना हद्दपार केलें. त्याचा उलगडा मात्र झाला तो, प्रतिपक्षाला त्याच्या शब्दांचा अर्थ त्याच्याच तोंडून विचारण्यांत आला तेव्हां.