‘करावे’ ते ‘करण्यात येईल’ : विध्यर्थातील कर्त्याचा शोध

मराठी गद्यावरील इंग्रजीच्या परिणामाची चर्चा निघाली की कर्मणी रचनेकडे हटकून बोट दाखविले जाते. ‘सूचना देण्यात येत आहे’, ‘कारवाई करण्यात यावी’, ‘असे म्हटले जाऊ शकते’ यांसारखी वाक्ये इंग्रजीतील ‘शॅल बी’, ‘शुड बी’, ‘कॅन बी’ या घाटाच्या रचनांची शब्दशः नक्कल आहेत, असा हा आक्षेप. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो ज्या स्वरूपात मांडला जातो त्यात इतिहासाचा विपर्यास होतो. विधी, आज्ञा, शक्यता यांचा अर्थ आणि कर्मणी रूप यांची सांगड इंग्रजीने मराठीला शिकविली नाही. ती मराठीच्या घडणीतच होती. इंग्रजीच्या संपर्काने जे बदलले ते वेगळेच आहे, आणि अधिक गंभीर आहे. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील दोन लगतच्या तालुक्यांत या प्रश्नाचे दोन्ही टोकांचे पुरावे एकत्र सापडतात, म्हणून प्रस्तुत विवेचन त्यांच्या आधाराने केले आहे.

पहिले टोक शिलालेखांचे. नाणेघाटातील नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणांची जी यादी आहे तिच्यात ‘दिना’ हे रूप पुनःपुन्हा येते. ‘दिलेली’ या अर्थाचे ते कर्मणी भूत धातुसाधित होय. जुन्नरच्या लेण्यांमधील दानलेखांत याहून सूचक असा एक शब्द आहे, ‘देयधम’. ‘देय’ म्हणजे जे दिले जावे ते, देण्यास योग्य ते. संस्कृत व्याकरण ज्यांना ‘कृत्य’ प्रत्यय म्हणते त्यांनी साधलेले हे रूप एकाच वेळी कर्मणी आहे आणि कर्तव्यवाचकही आहे. इंग्रजीला ज्यासाठी तीन शब्दांची जुळणी करावी लागते ते येथे दोन अक्षरांत सामावले आहे. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या लेखांत दात्याचे नाव सहसा गाळलेले नाही. पाण्याची टाकी देणारा इरिल नावाचा यवनदेखील आपल्या नावानिशी षष्ठी विभक्तीत तेथे उभा आहे. क्रिया कर्मणी आहे, पण कर्ता हजर आहे.

हीच परंपरा मराठीच्या विध्यर्थात उतरली. ‘करावे’ हे रूप ‘कर्तव्य’ या कृत्यान्त रूपाच्या प्राकृत परिणतीतून आले, हे भाषेतिहासकारांनी मान्य केलेले आहे. म्हणूनच ‘त्याने पोथी वाचावी’, ‘त्याने ग्रंथ वाचावा’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते आणि कर्ता तृतीयेत राहतो. ज्ञानेश्वरीच्या काळात (१२९०) भरपूर आढळणारी ‘कीजे’, ‘बोलिजे’ ही ‘-इजे’ प्रत्ययाची रूपे व्याकरणकारांनी पुराणकर्मणी म्हणून नोंदविली आहेत. त्यांचा वंश संपला असे आपण समजतो, पण ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ हे दोन शब्द त्या वंशाचेच आहेत. आज आपण आवश्यकता सांगण्यासाठी जो शब्द सर्वांत सहजपणे उच्चारतो तो ‘पाहिजे’ मुळात ‘पाहिले जाते, शोधले जाते’ अशा अर्थाचे कर्मणी रूप आहे. थोडक्यात, मराठीतील आवश्यकतेचे मुख्य साधनच जन्माने कर्मणी आहे. सामर्थ्याच्या बाबतीतही तेच. ‘आजोबांच्याने शिवनेरी चढवत नाही’ हा शक्यकर्मणी प्रयोग इंग्रजीची छाया पडण्याच्या पूर्वीचा आहे, आणि त्यातही आजोबा वाक्याबाहेर गेलेले नाहीत.

शिवकालीन व पेशवेकालीन पत्रव्यवहारात हा संस्कार अखंड दिसतो. पत्राच्या शेवटी येणारे ‘जाणिजे’ हे पुराणकर्मणीचेच अवशिष्ट रूप. आजच्या खाजगी पत्रातील ‘कळावे’ त्याचेच धाकटे भावंड. आज्ञा सांगताना ‘करणे’, ‘देणे’, ‘पावते करणे’ अशी धातुसाधिते वापरली जात. पण हुकूम कोणी सोडला आणि कोणी पाळावयाचा, हे पत्राच्या मायन्यातच स्पष्ट असे. देशमुख, देशपांडे, मोकदम यांना उद्देशून लिहिलेल्या कागदात कर्तव्याचा धनी शोधावा लागत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कायद्याची भाषा बदलली. १८२७ चे मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन, पुढे १८६० ची दंडसंहिता, यांचा मराठी अवतार घडविताना भाषांतरकारांपुढे एक नवेच वाक्य उभे राहिले. त्या वाक्याला विशिष्ट हुकूमदार नव्हता आणि विशिष्ट ताबेदारही नव्हता. त्यात केवळ ‘शॅल’ या सहायक क्रियापदाचे बंधन होते. गुन्हेगार ‘शॅल बी पनिश्ड’ याचे मराठीत ‘त्याला शिक्षा होईल’ असे झाले. हे भाषांतर मराठीच्या वळणाचे आहे, डौलदारही आहे. पण त्यात एक सूक्ष्म स्थित्यंतर घडले. ‘शॅल’मध्ये बंधन आहे, ‘होईल’ हा भविष्यकाळ आहे. कायद्याच्या अभ्यासकाला त्यातील बंधन संकेताने कळते, इतरांना ते भाकीत वाटते.

‘करण्यात येणे’ या रचनेचा इतिहासही असाच पाहावा लागतो. ‘माझ्या पाहण्यात आले’, ‘ऐकण्यात आले’ हे प्रयोग अस्सल मराठी आहेत. जे ठरवून केले नाही, जे आपसूक अनुभवास आले, त्यासाठी ते योजले जातात. माझ्या मते इंग्रजी कर्मणीला प्रतिशब्द शोधताना हीच रचना हाताशी आली आणि तिचा विस्तार हेतुपुरस्सर केलेल्या कृतींपर्यंत झाला. ‘घर पाडण्यात आले’ या वाक्यात जाणूनबुजून केलेले कृत्य आपसूक घडलेल्या घटनेच्या घाटात बसविले जाते. तेव्हा दोष परकीय रचना घेतल्याचा नाही. आपलीच एक रचना तिच्या अर्थाविरुद्ध राबविल्याचा आहे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि कार्यालयीन मराठी प्रमाणित करण्याचे प्रचंड काम हाती घेतले गेले. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या काळात स्थिर झालेल्या एका विभागणीकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. इंग्रजी ‘मे’साठी ‘शासनाला करता येईल’, ‘जिल्हाधिकाऱ्याला देता येईल’ असा पर्याय रूढ झाला. येथे अधिकाराचा धनी चतुर्थीत स्पष्ट उभा आहे. ‘शॅल बी’साठी मात्र ‘करण्यात येईल’ रूढ झाले. मूळ इंग्रजी वाक्यातही कर्ता लुप्तच असतो, हे खरे. पण तेथे कर्तव्याचा भार निदान ‘शॅल’ वाहत असतो. मराठीत कर्ता गेला आणि तो भारही भविष्यकाळात विरघळला. अधिकाराला नाव राहिले, कर्तव्य निनावी झाले.

याची किंमत काय, हे आंबेगाव तालुक्यात समजते. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नर तालुक्यात, तर घोड नदीवरील डिंभे धरण आंबेगाव तालुक्यात आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगावच डिंभ्याच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगाव. विस्थापितांत महादेव कोळी कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली, जो २०१३ च्या कायद्याने रद्द होऊन १ जानेवारी २०१४ पासून इतिहासजमा झाला. पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला होता. या व्यवहाराच्या भाषेचा नमुना म्हणून दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. ‘बाधितांना पर्यायी जमीन देण्यात येईल’ हे कार्यालयीन वळणाचे वाक्य. ‘सरकारनं जमीन दिली पाहिजे’ हे गावच्या बैठकीतले. पहिल्यात देणारा नाही आणि बंधनही नाही. दुसऱ्यात कर्ता तृतीयेत आहे, ‘दिली’ हे रूप ‘जमीन’ या कर्माशी जुळलेले आहे, आणि शेवटी जुने कर्मणी ‘पाहिजे’ आहे. व्याकरणाच्या दृष्टीने जुन्नरच्या लेण्यांतील ‘देयधम’चा खरा वारसदार हे दुसरे वाक्य आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. गावकरी स्वतःही ‘आमची जमीन गेली’, ‘गाव पाण्यात गेलं’ असेच म्हणतात. तेव्हा कर्तृलोपाचे खापर कार्यालयीन भाषेवर का फोडावे? आक्षेप विचारार्ह आहे. पण ‘गेली’मध्ये बोलणारा आपण भोगलेले सांगतो आहे. भोगणाऱ्याने कर्त्याचे नाव न घेणे आणि कर्त्याने स्वतःचे नाव न घेणे, या दोहोंचे व्याकरण एक दिसले तरी त्यांचे नीतिशास्त्र एक नाही. प्रयोगविचार केवळ प्रत्ययांपाशी थांबला तर हा भेद त्याच्या हाती लागणार नाही. वाक्य कोणाच्या मुखातून निघाले, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न आपल्या क्षेत्राबाहेरचा आहे, असे साहित्यसमीक्षकांनी समजू नये. ‘असे मानले जाते’, ‘ही कृती श्रेष्ठ मानली गेली पाहिजे’, ‘याकडे दुर्लक्ष केले जाऊ शकत नाही’ ही वाक्ये आपल्याच लेखनातील आहेत. प्रस्तुत लेखाच्या पहिल्याच वाक्यात ‘बोट दाखविले जाते’ असे मी लिहिले, बोट कोणाचे ते सांगितले नाही. मूल्यनिर्णय कोणी केला हे न सांगता तो सर्वमान्य असल्याचा आभास निर्माण करण्याची सोय ही रचना आपल्याला देते. कर्मणी प्रयोगावर बहिष्कार घालणे हा यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास ‘करावे’ आणि ‘पाहिजे’ या शब्दांनाही मुकावे लागेल. विध्यर्थ वाचताना आणि लिहिताना तृतीयेतील रिकामी जागा ओळखणे, आणि ती कोणाची आहे हे विचारणे, एवढे मात्र आपण करू शकतो. दोन हजार वर्षांपूर्वी टाके देणाऱ्याने आपले नाव कातळावर कोरून ठेवले. गाव घेणाऱ्याचे नाव निदान वाक्यात असावे, ही अपेक्षा मोठी नाही.